नवे गळे, जुने कान

कोल्हापुरात साठी ओलांडलेल्या चार माणसांना एका बाकावर बसवा आणि गाण्याचा विषय काढा. पंधरा मिनिटांच्या आत एक वाक्य ठरल्याप्रमाणे येणारच – ‘आता पूर्वीचं गाणं राहिलं नाही.’ रंकाळ्यावर सकाळी फिरायला जमणाऱ्या आमच्या कंपूत हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले जाते, की तळ्यातल्या माशांनाही ते पाठ झाले असावे. गंमत अशी, की हे म्हणणाऱ्याला ‘अलीकडे काय ऐकलंत?’ असे विचारावे, तर तो एकदम शेंगदाण्याच्या पुडीकडे वळतो. नातवाच्या मोबाइलवर अर्धा मिनिट कानावर पडलेले काहीतरी, गणपतीच्या मिरवणुकीत छातीवर आदळलेली डॉल्बी आणि लग्नाच्या कार्यालयातला धुडगूस, एवढ्या पुराव्यावर आम्ही एका अख्ख्या पिढीच्या गाण्याचा निकाल लावून मोकळे होतो. बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे खटकते. एवढ्या तुटपुंज्या कागदपत्रांवर आम्ही कुणाला सायकलचे कर्जसुद्धा दिले नसते.

म्हणून निवृत्तीनंतरचा मोकळा वेळ आणि कॉलेजात जाणाऱ्या नातीची संगत, या दोन भांडवलांवर मी एक उद्योग आरंभला. नवे म्हणून जे काही मराठी गाणे कानावर येईल ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचे, मध्येच बंद करायचे नाही, आणि आवडले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा ऐकायचे. दुसऱ्यांदा ऐकण्याचा नियम फार कामाचा ठरला. पहिल्या वेळी आपण ते गाणे ऐकतच नसतो. आपल्या लग्नाच्या वर्षी रेडिओवर लागणाऱ्या गाण्याशी त्याची तुलना करत बसलेलो असतो. या उद्योगात पुष्कळ भुसा निघाला हे आधीच सांगून टाकतो. पण जे दाणे हाती लागले ते एकट्याने खाऊन टाकणे बरे वाटेना.

त्याआधी आपल्याच गावाची थोडी आठवण करून देतो. ज्या जयपूर घराण्याचे नाव घेताना आज आपण कानाच्या पाळीला हात लावतो, ते घराणे या गावात आले तेव्हा नवे होते. अल्लादियाखाँसाहेब मूळचे राजस्थानकडचे. ऐन उमेदीत त्यांचा आवाज बिघडला आणि बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी स्वतः घडवली. लयीला घट्ट धरून चालणारी, वळणावळणांची, अनवट रागांत रमणारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवून घेतले आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत खाँसाहेब कोल्हापूरचे होते. ती गायकी पहिल्यांदा ऐकणाऱ्या आपल्या पणजोबांना काय वाटले असेल? ‘हे काय अवघड प्रकरण आहे’ असेच वाटले असणार. पण त्यांनी ऐकले. पुढे याच गायकीने केसरबाई केरकर दिल्या, मोगूबाई कुर्डीकर दिल्या. केसरबाईंची एक भैरवी तर १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. इतक्या लांब जाणाऱ्या त्या प्रवासातला एक मुक्काम कोल्हापूरचा होता, हे आपण आपल्या मुलांना सांगतो का?

दुसरे उदाहरण पेटीचे. आपले गोविंदराव टेंबे हार्मोनियमचे बादशहा. ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, आणि १९३२ मध्ये याच गावात प्रभातने केलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीतही त्यांचेच. त्या पेटीवर जाणत्या मंडळींचा काय राग! परदेशी वाद्य, मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दारच बंद केले, ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. तीस वर्षे! या तीस वर्षांत देवळातले भजन, तमाशाचा फड, नाटकाचा पिट आणि गवयाची मैफल या सगळ्या ठिकाणी पेटी बिनदिक्कत वाजत होती. जाणत्यांचा निकाल एकीकडे आणि लोकांचे कान एकीकडे. आज पेटीशिवाय भजनी मंडळाची कल्पना करून बघा.

पेटीवरून सांगतो, तन्मय देवचके या पुण्याच्या वादकाला ऐका. साथीला पेटी आपण जन्मभर ऐकली. गवयाने जागा घेतली की मागून तीच जागा गिरवणारी, अंग चोरून बसलेली. तन्मय एकटा वाजवायला बसतो तेव्हा ती पेटी मान वर करून बोलते. टेंब्यांच्या गावातल्या माणसाला हे ऐकताना जरा विशेष आनंद होणारच.

आणि जयपूर गायकीचे पुढे काय झाले, हे विचारणाऱ्यांसाठी दोन नावे. एक तेजश्री आमोणकर. मोगूबाई खाँसाहेबांकडे शिकल्या, त्यांच्याकडे किशोरीताई, आणि किशोरीताईंकडे त्यांची ही नात. म्हणजे आपल्या दरबारातून निघालेली वाट थेट तिच्या दारापर्यंत पोचते. तिला ऐकताना एक पथ्य पाळावे, सारखे किशोरीताईंना शोधत बसू नये. २०१७ मध्ये ताई गेल्या. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरात आहेत, त्या कपाटातून कुठे पळून जात नाहीत. नातीचा गळा तिचा तिने कसा वापरायचा ते तिला ठरवू द्यावे. दुसरे नाव ऋतुजा लाड. अश्विनी भिडे-देशपांडे यांची ही शिष्या. जोडराग घेऊन ती बसली की दोन रागांच्या सीमेवर जी काही देवघेव चालते ती मला फार आवडते. आमच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही खात्यांचा हिशेब शेवटी पैनपै जुळतो, पण मधल्या काळात ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. ख्याल आवडत असेल, पण जयपूरचे वळण अवघड वाटत असेल त्यांनी विराज जोशीपासून सुरुवात करावी. भीमसेनजींचा नातू. आजोबांचे नाव एवढे मोठे की नातवाने पहिला षड्ज लावायच्या आतच अर्धा श्रोतृवर्ग हळहळायला तयार बसलेला असतो. तरीही तो गातो, आणि मोकळ्या गळ्याने गातो.

तबल्यात सावनी तळवलकरचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंडित सुरेश तळवलकरांची मुलगी आणि शिष्या. मुलींनी तबल्याला हात लावायचा नाही, असे कुठे लिहून ठेवले नव्हते. फक्त घराघरांत ते ठरलेले होते. मुलीला गाणे, फार तर पेटी, मुलाला तबला. आमच्याही घरात तसेच होते. रविवारी सगळे घर एकत्र असताना तिचे एकल वादन लावा आणि घरातली धाकटी मुलगी काय करते ते बघा. आमच्या नातीने जेवणाच्या टेबलावर ताल धरला आणि आमटीची वाटी सांडली.

आता जरा वादाच्या मुलखात शिरू. मुंबईच्या काही तरुणांनी ‘अभंग रिपोस्ट’ नावाचा बँड काढला आहे. गिटार, ड्रम आणि त्यांच्या जोडीने आपली वाद्ये घेऊन ही मुले तुकोबांचे, नामदेवांचे, इतर संतांचे अभंग गातात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या एका मित्राने कानांवर हात ठेवले आणि म्हणाला, ‘अरे, हे विठोबाला तरी विचारलंय का?’ मला वाटते विठोबाला याची सवय असावी. अभंग हा काही एका चालीत गोठवून ठेवलेला दस्तऐवज नाही. वारीच्या वाटेवर तो एका चालीत म्हटला जातो, कीर्तनात दुसऱ्या, आणि भीमसेनजींनी ‘संतवाणी’ गायला घेतली तेव्हा तो मैफलीचा झाला. त्याहीवेळी नाके मुरडणारे होतेच. या मुलांचे मला काय आवडते, तर शब्द स्पष्ट ऐकू येतात. मोठमोठ्या आवाजाच्या गदारोळात ते ओळीवर पाय देत नाहीत. माझी नात इंग्रजी माध्यमात शिकली. तिला तुकोबांचा पहिला अभंग पाठ झाला तो या बँडमुळे. मी आठ वर्षे प्रयत्न करूनही झाला नव्हता. सगळेच चांगले आहे असे नाही. काही ठिकाणी ड्रमवाला इतका उत्साहात येतो की अभंगातली विनवणी दमदाटीसारखी वाटते. पण तरुण वयात विनवणी थोडी दमदाटीनेच होते.

याच वाटेवर, पण शास्त्रीय गायकीचा हात न सोडता चालणारा महेश काळे. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’साठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो घराघरांत पोचला. त्यामुळे त्याची शिफारस मी करणे म्हणजे अंबाबाईचा पत्ता सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत राहून तिथल्या मराठी घरांतल्या मुलांना तो गाणे शिकवतो, ही गोष्ट मात्र मला त्याच्या पुरस्काराहून मोठी वाटते. पुतण्या, भाचे तिकडे असलेल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सर्वात जास्त बोलावेसे वाटते ते रॅपविषयी. आणि इथेच माझ्या वयाच्या वाचकांनी पान उलटू नये अशी विनंती आहे.

रॅप म्हणजे काय? ठेका धरून, यमके जुळवत, श्वास पुरवत, चार माणसांत उभे राहून जे सलते ते बोलणे. डफावर थाप पडली की अंगावर काटा येणाऱ्या गावाला हे परके वाटायचे कारण नाही. शाहीर पिराजीराव सरनाईक, शाहीर लहरी हैदर ही आपल्याच मातीतली नावे. पोवाड्यात चालीचे सौंदर्य दुय्यम. शब्द पोचला पाहिजे, आणि पोचला तो टोचला पाहिजे. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या काळ्या वस्तीत, पडक्या इमारतींच्या मधल्या अंगणात तरुण पोरांनी रेकॉर्ड प्लेअर जोडून जे सुरू केले, त्याला त्यांनी शाहिरी हे नाव दिले नाही एवढेच. तिथे भिकबाळी आणि फेटा नव्हता, उलटी टोपी होती.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने रॅप करतो. (नाव उच्चारायला मला दोन दिवस लागले. इंग्रजी शंभर आकडा आणि पुढची अक्षरे मिळून ‘सौरभ’ वाचायचे, हे नातीने समजावले.) एका मोठ्या वाहिनीच्या रॅपच्या स्पर्धेत २०२३ मध्ये हा मुलगा उभा राहिला तेव्हा त्याच्या बोलण्यात वऱ्हाड होता. मुंबईचे वळण उसने घेतलेले नव्हते. आपल्या गावाची बोली लपवायची असते, असे शिकवत आपण दोन पिढ्या वाढवल्या. बँकेत मुलाखतीला येणारी आमच्या भागातली हुशार मुले ‘काय करायलाय’ जिभेवर आलेले गिळून टाकायची आणि त्या नादात उत्तरही गिळून बसायची. त्या मुलांची मला या पोराला ऐकताना आठवण होते.

मुंबईचा ‘स्वदेसी’ हा चमू वेगवेगळ्या भाषांतून रॅप करणाऱ्यांचा. आरे जंगलातल्या वारली पाड्यांवरून झाडतोडीची कुऱ्हाड फिरणार होती, त्या सुमारास, २०१९ मध्ये, त्यांनी तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. जंगलात राहणारा माणूस स्वतः त्या गाण्यात आहे, त्याच्या वतीने कुणी दुसरा रडत नाही. याच चमूतला एमसी तोडफोड या नावाने गाणारा धर्मेश परमार २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याच्या वाट्याला किती कमी वेळ आला, आणि तेवढ्यात त्याने किती म्हणून ठेवले!

आता यातली गंभीर बाजू. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात राजकारणावर रॅप करणाऱ्या दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांची भाषा शिवराळ होती, असे म्हणणारे म्हणतील, होतीही. पण तमाशाच्या वगात राजाची आणि प्रधानाची जी काही हजेरी घेतली जात असे ती कुठल्या सोवळ्या भाषेत होती? पुढच्या बाकावर बसलेला फौजदार हसत असे आणि पागोट्याखाली मान घालून घरी जात असे. मला त्या दोघांचे गाणे फार ग्रेट वाटले असे नाही. एकदा ऐकले, नियमाप्रमाणे दुसऱ्यांदाही ऐकले. पण गाणे फसले तर लोक ते विसरतात. पोलिसांनी आठवण ठेवायची गरज नसते. आपल्या घरातली पोरे खोलीचे दार लावून यमके जुळवत असतील, तर ती नक्की काय म्हणताहेत ते दार वाजवून विचारा. कदाचित ती तुमच्याविषयीच काही म्हणत असतील.

शाहिरीवरून कडूबाई खरात यांच्याकडे यावे लागते. त्या तरुण नाहीत आणि त्यांचे गाणेही जुने आहे. नवी आहे ती आपल्याला त्यांची झालेली ओळख. मराठवाड्यातली ही बाई, हातात एकतारी, आणि गळ्यात बाबासाहेबांची गाणी. कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत काढली, ती या हातातून त्या हातात गेली आणि महाराष्ट्राने त्यांना ऐकले. त्या आवाजाला कुठल्याही स्टुडिओने गुळगुळीत केलेले नाही. खरखरीत, पण सुराला पक्का. एकतारीची एक तार आणि एक बाई, एवढ्यावर सभा उभी राहते. डॉल्बीच्या भिंती रचणाऱ्या आमच्या मंडळांच्या अध्यक्षांनी एकदा तरी त्यांच्यासमोर मांडी घालून बसावे. भीमगीतांना आजवर बऱ्याच घरांनी आपले म्हटलेच नाही. चौदा एप्रिलला रस्त्यावर वाजणारे काहीतरी, एवढीच त्यांची दखल घेतली. तुमच्या घरात ती ऐकली गेली नसतील तर कडूबाईंपासून सुरुवात करा.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, गडहिंग्लजकडे, चौंडकं नावाचे वाद्य आहे. यल्लम्माच्या जोगत्यांचे. एका बाजूने कातडे, त्यातून ओवलेली तार, ती ताणत-सैल करत काढलेला तो हुंकारासारखा आवाज. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून त्या वाद्यामागची माणसे मराठीत आणली. या कादंबऱ्यांचा आधार घेऊन ‘जोगवा’ हा चित्रपट आला, त्याला अजय-अतुलचे संगीत, आणि ते संगीत राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आले. तिथून सात-आठ वर्षांत हीच जोडी २०१६ च्या ‘सैराट’साठी हॉलिवूडच्या स्टुडिओत तिथल्या वाद्यवृंदासमोर उभी होती. ही दोन्ही टोके मी मुद्दाम शेजारी ठेवतो. अजय-अतुल आता नवे नाहीत, पण त्यांच्यामुळे एक गोष्ट झाली. हलगी, संबळ, चौंडकं ही वाद्ये ‘ग्रामीण वातावरणनिर्मिती’ या खात्यातून बाहेर आली. आज सतरा-अठरा वर्षांचा मुलगा संगणकावर गाणे रचतो तेव्हा त्याला संबळ वापरायची लाज वाटत नाही.

त्यातलेच एक टोक म्हणजे क्रेटेक्स. युरोपात रात्रभर नाचायला जे ‘हाउस’ संगीत वाजवतात त्यावर या गड्याने मराठी शब्द बसवले. श्रेयस या गायकाबरोबर केलेले त्याचे ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने काढले. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने देशभर धुमाकूळ घातला. मराठीचे अक्षर न येणारी माणसे त्यावर नाचली. आता हे सगळे थोर संगीत आहे का? मुळीच नाही. ‘गुलाबी साडी’ मी चार वेळा ऐकले आणि पाचव्यांदा ऐकायची इच्छा नाही. पण एक निरीक्षण नोंदवतो. आमच्या तरुणपणी मराठी मुलाला नाचावेसे वाटले की हिंदी गाणे लावावे लागे. मराठी गाणे हे गणपतीत, किंवा डोळे मिटून ऐकण्यासाठी. मराठीत नाचता येते, हे त्या पोरांना कळले. आणि तांड्यावरच्या बंजारा घरातून आलेला मुलगा, कुठल्याही कंपनीच्या पायऱ्या न झिजवता, भावाला बरोबर घेऊन हे करतो, याची किंमत मी कमी करणार नाही. मराठी पॉप गाण्यांच्या एका कंपनीने आपले नावच ‘नादखुळा म्युझिक’ ठेवले आहे. शब्द आमच्या कोल्हापूरचा, पैसे मिळवणार मुंबईवाले. गुळासारखेच झाले हे!

एका गोष्टीची मात्र शिफारस करणार नाही. गळ्यातला बेसूर यंत्राने सरळ करून घेण्याची जी सोय निघाली आहे, तिचा सढळ वापर करणारी गाणी. चवीसाठी कुणी जाणूनबुजून वापरले तर गोष्ट वेगळी. पण सगळेच गळे एका साच्यातून काढलेल्या साबणाच्या वड्यांसारखे झाले, की कोण गातो आहे तेच कळत नाही. वाहिन्यांवरच्या लहान मुलांच्या स्पर्धांविषयीही माझे मत फार बरे नाही. त्यातून आर्या आंबेकरसारखा गोड गळा पुढे आला हे खरे. त्याच मांडवातले प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन यांचे २०२३ मध्ये लग्न झाले तेव्हा आपल्याच घरातले कार्य असल्यासारखे महाराष्ट्राने पेढे वाटले. आमच्या कोल्हापूरचा अभिजित कोसंबीही अशाच एका स्पर्धेचा विजेता. पण दहा वर्षांच्या पोराला तीन मिनिटांत जिंकायची सवय लावली, की तासाभराचा राग त्याला पेलत नाही. अपवाद आहेत, ते घरच्यांनी नंतर टीव्ही बंद करून गुरूकडे पाठवले म्हणून आहेत.

आता पैशाचे बोलू, कारण तो विषय काढला नाही तर मला निवृत्तिवेतन पचणार नाही. ही सगळी मुले खातात काय? पूर्वी कॅसेट विकली जाई, तिच्यातला चार आणे का होईना गायकाकडे जात. आता मोबाइलवर गाणे ऐकले की गायकाच्या पदरात पैशाचा एखादा अंश पडतो, तोही मध्ये बसलेल्यांचे वाटे काढून झाल्यावर. तेव्हा पोट भरायचे ते प्रत्यक्ष कार्यक्रमांवर. आणि कार्यक्रम म्हटला की कोल्हापूरकर पहिला प्रश्न विचारतो, ‘पास आहे काय?’ मटणाचा दर वाढला म्हणून गाव पेटवणारे आम्ही, पण रविवारी तेच मटण घेताना कुणी पास मागत नाही. तिकीट काढायचे म्हणजे मात्र आपल्या ओळखी कमी पडल्याचा कबुलीजबाब!

माझ्या नोकरीच्या काळात एका शाखेत लग्नात वाजवणाऱ्या बँडचा मालक कर्ज मागायला आला होता. त्याला नवीन कीबोर्ड घ्यायचा होता. अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावे यावरच आमचा अर्धा तास गेला. वादक हा व्यवसाय यादीत नव्हता. तारण काय, तर जुनी क्लॅरिनेट आणि दोन ढोल. वरच्या कार्यालयाने प्रकरण परत पाठवले. शेवटी त्याने सराफाकडे बायकोच्या बांगड्या ठेवल्या, आणि तुळशीच्या लग्नापासून सुरू झालेल्या हंगामात वैशाख संपायच्या आत सोडवूनही आणल्या. अशी हमी देणारे खातेदार माझ्या शाखेत फार नव्हते. वाद्य विकत घेऊ पाहणाऱ्या विशीतल्या पोराकडे आजही तारण म्हणून दाखवायला काही नसते. कार्यक्रमांची तारखांची वही एवढीच त्याची मालमत्ता, आणि ती वही भरायची की कोरी ठेवायची, हे श्रोत्यांच्या हातात.

जागेचाही प्रश्न आहे. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी सकाळी जाऊन पाहिले. भिंतीपाशी उभी असलेली नटमंडळी एकमेकांशी बोलत नव्हती. ते पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले गेले हे चांगलेच. पण ज्यांच्या नावाचे ते थिएटर, ते केशवराव कोण होते? वयाच्या कोवळ्या वर्षी ‘शारदे’ची भूमिका करून लोकांना वेड लावणारा मुलगा, विशीच्या आत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी काढणारा पोरगा, आणि १९२१ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेलेला नट. म्हणजे ते नाव एका तरुण कलावंताचे आहे. तिथे महिन्यातली एक संध्याकाळ तिशीच्या आतल्या गाणाऱ्यांसाठी कमी भाड्यात राखून ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. देवल क्लबसारखी १८८३ पासून चालत आलेली संस्था गावात असताना ख्यालाला जागा मिळते. रॅप करणाऱ्या पोरांना, बँड काढणाऱ्या पोरांना कोण जागा देते? मंगल कार्यालयवाला त्यांना पाहूनच अनामत दुप्पट सांगतो.

शेजारच्या मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांकडे एकदा मुलांना घेऊन जा. भोपळ्याचे वाद्य कसे होते, जवारी कशी काढतात, हे पाहिलेले मूल मोबाइलमधल्या तंबोऱ्याचा आवाज नंतर वेगळ्या कानाने ऐकते.

शेवटची शिफारस कुठल्याही मोबाइलमध्ये सापडणार नाही. खासबागेत कुस्त्यांचे मैदान असले की हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणारी मंडळी कडेला असतात. जोड लागली की हलगीचा ठेका बदलतो, पकड बसली की आणखी बदलतो. पैलवानाच्या हालचालीवर डोळा ठेवून ते तिथल्या तिथे वाजवत असतात. यापेक्षा जिवंत संगत मी ख्यालाच्या मैफलीतही फारशी ऐकलेली नाही. अलीकडे त्यात विशीतली पोरे दिसू लागली आहेत. मैदान संपल्यावर, शेकोटीवर कातडे तापवत बसलेली असतात. पैलवानांची नावे कर्ण्यावरून पुकारली जातात, यांची नाहीत. मी मागच्या खेपेला दोघांची विचारून वहीत लिहून घेतली. तिसरा म्हणाला, ‘आबा, आधी च्या पाजा, मग नाव सांगतो.’